पाणी निथळणारा रंगमंच

आमच्या गावाचं कलामंदिर म्हणजे मुळात नारळाची वखार. मालकाने धंदा आवरला, तो मुंबईला गेला आणि जाताना किल्ली गावच्या डॉक्टरांच्या हातात देऊन गेला. तेव्हा आमचा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता, वीज यायची होती, आणि नाटक म्हणजे देवळापुढच्या मांडवात रात्रभर चालणारं दशावतारी. डॉक्टरांना वाटे, संध्याकाळी सुरू होऊन जेवणाच्या वेळेपर्यंत संपणारं, बायकामुलांना खुर्चीवर बसून बघता येईल असं नाटक गावात व्हावं. वखार पंचेचाळीस फूट लांब आणि बावीस फूट रुंद होती. नाटकाला तेवढी जागा पुरेशी आहे असं मी हिशेब करून सांगितलं. मी बांधकाम खात्यात कारकून होतो. डॉक्टरांनी जमवलेल्या नाटकमंडळात मला घेतलं ते अभिनयासाठी नव्हे, माझ्याकडे टेप आणि पाणसळ होती म्हणून.

फुटकी कौलं आम्हीच बदलली. डॉक्टर शिडीवर, खाली कौलं पुरवायला कापडदुकानदार, आणि किती लागली ते मोजायला मी. हा दुकानदार आमचा मुख्य नट. गावातल्या प्रत्येक नाटकात नायिका त्यानेच केली होती. लुगडी त्याच्या दुकानातली असत, त्यामुळे नायिका नेहमी दृष्ट लागण्यासारखी दिसे.

रंगमंच बांधायला मात्र जाणता माणूस हवा होता. देवबागच्या बाजूचा एक सुतार आम्ही बोलावला. जन्मभर त्याने होड्या आणि मचवे बांधले होते. फळ्याच बसवायच्या ना, त्यात काय मोठंसं, असं म्हणून तो कामाला लागला. त्याच्या कामात कोणी बोललेलं त्याला खपत नसे, म्हणून आम्हीही काम पुरं होईपर्यंत तिकडे फिरकलो नाही. पुरं झाल्यावर गेलो तर सगळ्या वखारीत डांबराचा वास. फळ्यांमधल्या फटी त्याने कापूस ठासून डांबराने बुजवल्या होत्या. मी सवयीने पाणसळ ठेवली आणि तिच्यातला बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला. रंगमंच मध्ये उंच होता आणि दोन्ही बाजूंना उतरता. मग टेप काढली. रुंदी अठरा फूट आणि मधला उंचवटा चार इंच. त्या काळातल्या बाकी गोष्टी सांगताना माझं थोडं इकडेतिकडे होईल, पण हा आकडा पक्का आहे. मी दोनदा मोजलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, हा उतार कशासाठी?

"मगे पाणी खंयसून जातला?" सुताराने उलट विचारलं.

डॉक्टरांनी वर बोट दाखवलं. वर छप्पर आहे, इथे पाणी येणार कुठून?

सुताराने मान वर करून कौलं नीट न्याहाळली. "छप्पर तुमी घातलास मां," तो म्हणाला.

रंगमंच उखडून सपाट करायचा की नाही हे आम्ही पुढे ढकललं, कारण त्याहून मोठी अडचण समोर होती. डॉक्टरांनी लिहिलेल्या नव्या नाटकात नायिका करायला मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाई तयार झाल्या होत्या. गावाच्या रंगमंचावर तोवर बाई उभी राहिली नव्हती. बाईंना ते काम मनापासून करायचं होतं. त्यांना चारही अंक पाठ होते, दुसऱ्यांच्या भाषणांसकट. नवरा मुंबईला गोदीत, त्याची हरकत नव्हती, पण त्याचं म्हणणं आईला विचार. आणि आई, म्हणजे बाईंची सासू, म्हणाली की आधी मी येऊन बघणार, मग सांगणार. ती नाही म्हणाली तर बाईंनी पुन्हा विषय काढायचा नाही, असं घरात ठरलं होतं.

दुकानदाराला या नाटकात नवऱ्याचं काम दिलं होतं. त्यासाठी मिशी वाढवा असं डॉक्टर सांगत होते, पण तो वाढवीना. सासू नाही म्हणाली तर ऐन वेळी मीच उभा राहणार, मग मिशी कशाला, हा त्याचा विचार. मी त्याला म्हटलं की तुझ्या मनात ती नाहीच म्हणावी असं आहे. त्याने ते नाकारलं नाही. बाई पदर घेतात तो त्याला मुळीच पसंत नव्हता.

तालमीच्या दिवशी दुपारी सासू आली. उंच, सावळी बाई, हातात मिटलेली छत्री. तिचा नवरा तांडेल होता, मचवा घेऊन वर्षाचे आठ महिने बाहेर असे. आम्ही पुढे केलेली आरामखुर्ची तिने नाकारली आणि साध्या बाकावर ताठ बसली. सुतारही दाराशी येऊन उभा होता. त्याला आपलं काम माणसांच्या पायाखाली कसं वागतं ते बघायचं होतं.

प्रवेश असा होता की मुंबईहून आलेला नवरा खुर्चीवर बसून ऐट करतो आणि बायको पाण्याचा तांब्या आणून त्याला चार शब्द सुनावते. दुकानदार खुर्चीवर बसला, पायावर पाय टाकला, आणि खुर्ची त्याला घेऊन हळूहळू डावीकडे निघाली. तो पायाने अडवू लागला, तोंडाने ऐट चालूच. बाईंनी पाठ केल्याप्रमाणे तांब्या खाली ठेवला. तांब्या डुगडुगला, आडवा झाला आणि गडगडत रंगमंचाच्या कडेला गेला. त्याच्या मागोमाग सगळं पाणी एका ओळीत उतरलं आणि कडेवरून खाली पडलं. फळीवर थेंब राहिला नाही.

"गेला मां पाणी?" दारातून सुतार म्हणाला.

कोणी हसलं नाही, कारण सगळे सासूकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. पुढचं वाक्य बाईंचं होतं. डॉक्टरांनी ते शुद्ध पुस्तकी भाषेत लिहिलं होतं, त्यात तीन उपमा होत्या. बाईंनी कडेला गेलेल्या तांब्याकडे बघितलं, मग तिकडेच निघालेल्या नवऱ्याकडे बघितलं, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुमी तर घरात टिकनत नाय. आता तांब्योय टिकना नाय."

सासूने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलताना मला बाजूने दिसले, पण हसते की खोकते ते ठरवता येईना. पदर खाली आला तेव्हा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा. बाई रंगमंचावर तशाच उभ्या, हात अजून कमरेवर, पण बोटं लुगड्याचा काठ चुरगळत होती.

डॉक्टर जवळ गेले. "काकी, मग काय ठरवलंत?"

सासूने छत्री उचलली. "त्या खुर्चेक आधी दोरी बांधा," ती म्हणाली. "माझी सून असल्या घोवाच्या मागसून धावची नाय."

हा होकार आहे हे डॉक्टरांना कळायला एक क्षण लागला. दुकानदाराला त्यांच्या आधी कळलं. जाता जाता दारात तिने आणखी एक सांगितलं, की तांब्याचं ते बोलणं नाटकात राहू दे. डॉक्टरांनी लेखक म्हणून थोडी कुरकुर केली. तीन उपमा गेल्या, वाक्य राहिलं. वाक्य राहिलं म्हणून तांब्या घरंगळायला हवा, आणि तो घरंगळायला हवा म्हणून रंगमंच उखडायचा बेत रद्द झाला. खुर्चीच्या पायांखाली सुताराने पाचरी ठोकून दिल्या. आपलं चुकलं असं तो अखेरपर्यंत म्हणाला नाही.

दिवाळीनंतर पहिला प्रयोग झाला. खुर्च्या, बाकं मिळून माझ्या हिशेबाने दीडशे माणसं बसायला हवी होती. आली त्याहून बरीच जास्त, आणि त्यात बायका निम्म्याहून अधिक. सासू पहिल्या रांगेत, तिच्या शेजारी तिची शेजारीण, मागे मी. तांब्याचा प्रवेश आला. बाईंनी तांब्या ठेवला, आणि त्या दिवशी तो मुळीच हलेना. दुकानदार घाबरून त्याच्याकडे बघू लागला. बाईंनी मात्र खाली नजरही न टाकता, निऱ्यांच्या आडून पायाच्या अंगठ्याने त्याला नेमका टोला दिला. तांब्या गेला, पाणी गेलं, वाक्य आलं, आणि वखार हसून हसून दणाणली.

शेजारीण सासूकडे वळून म्हणाली की तुझी सून भारीच हुशार गो.

"हुशार कसली? घराकडे रोज ह्याच चलला हा," सासू रंगमंचावरची नजर न काढता म्हणाली. "सगळी पडवी भिजवन टाकल्यान."

मग तू काही बोलत नाहीस तिला, असं शेजारणीने विचारलं.

"गप रव गो," सासू म्हणाली. "माका ऐकाक दी."