कौसाबाईचा नंबर

२०२३ सालचा वैशाख. त्या उन्हाळ्यात मी असा पराक्रम केला, की माणसं अजून मला बघून हसू दाबायला तोंडाला रुमाल लावतात. दुसऱ्यांनी तिखटमीठ लावण्यापेक्षा मीच सांगतो.

सरकार पाण्याचा कायदा बदलणार होतं. कारखान्यानं आपलं सांडपाणी आपणच तपासायचं, आपणच पास करायचं आणि ओढ्यात सोडायचं. म्हणजे बोकडानंच पाला राखायचा. आमच्या साखर कारखान्याच्या ओढ्याला लागूनच शेजारच्या कौसाबाईची विहीर. तिच्या पाण्याला मळीचा वास आधीच लागला होता. हा कायदा झाला, तर विहीर गेलीच.

ज्याची हरकत असेल त्यानं केजला येऊन सांगावं, असं निघालं. कौसाबाई पहाटेच रांगेत उभी राहिली. तिला नंबर मिळाला, मला नाही.

"कौसा, तो नंबर मला दे. सायबापुढं बोलायला छाती लागती."

"घ्या अण्णा. पर नीट बोला."

मला सांगते, नीट बोला.

नंबर पुकारला. फेटा सारखा करून मी उभा राहिलो. साहेब म्हणाले, "बाबा, माईक बिघडलाय. तसंच बोलता का?"

"काही हरकत नाही."

नेमका तेव्हाच माईक सुरू झाला. सगळ्या हॉलनं ऐकलं. कारखान्याच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कामून वाजवता रे?"

साहेब कारकुनाला म्हणाले, "बाबांची हरकत नाही. लिहा."

"अहो, हरकत हाय!"

"कशाला? टाळ्यांना?"

"पाण्याला."

हॉल हसला. आता तुम्हीच सांगा, पाण्याला कुणाची हरकत असते का?

"बाबा, जरा दम घ्या. तोवर पुढच्याला बोलू देऊ?"

जन्माची सवय. तोंडातून गेलंच, "हरकत नाही."

मागून कौसाबाई म्हणाली, "अण्णा, खाली बसा. माजी इहीर घालवली तुमी."

ते लागलं. सुनावणी दुसऱ्या दिवशीही होती. मी गावी गेलोच नाही. हॉलच्या दारातच अंग टाकलं. सकाळी पहिला नंबर माझा. कौसाबाई जीपमधून उतरली, तसा तिच्या हातात दिला.

ती उभी राहिली. "सायेब, माजी म्हैस शाळेत गेली न्हाई. तरी ते पानी हुंगून मागं सरती. कारखाना त्येच पानी पास करनार. मग म्या कुनाचं ऐकू?"

कुणी हसलं नाही. साहेबांनी शब्दन् शब्द लिहून घ्यायला लावला. मग माझ्याकडं बघितलं.

"बाबा, तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

मी तोंड मिटूनच मान आडवी हलवली.

कौसाबाईच्या नंबराचं कर्ज फिटलं.