झाकलेली तीन वर्षं

बाळांनो, बुलढाण्याला आमच्या शेजारी एका वकिलांचे कारकून राहत. रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून ते अडकित्त्याने सुपारी कातरत आणि पहिलं खांड मला देत. मी नागपूरच्या कॉलेजातून सुटीत आले की हटकून विचारत, "काय शिकून राह्यली वं? अर्थशास्त्र? भाव तं बाजार ठरवते, समजलं का?" उत्तर ऐकायला मात्र ते कधी थांबले नाहीत.

तेव्हाच्या चार वर्षांच्या बी.ए.चं शेवटचं वर्ष उरलं असताना त्यांनीच माझ्यासाठी स्थळ आणलं. ते जमलं असतं तर कॉलेज सुटणार होतं. मी पाहुण्यांपुढे मान खाली घालून बसले होते आणि कारकून सुपारी कातरत सांगत होते, "पोरगी मॅट्रिक झाली. तवापासून घरीच हाय."

अंगावरचा डाग झाकावा तशी त्यांनी माझी तीन वर्षं झाकली. मी मान वर केली आणि म्हणाले, "मी बी.ए.ला आहे. अर्थशास्त्र घेतलंय. परीक्षा देणार आहे."

पाहुणे पोहे अर्धवट टाकून उठले.

"म्या झाकलं होतं, तू काऊन उघडं केलं वं?" कारकून माझ्यावर ओरडले. "खरं तेच बोलली ती," बाबा म्हणाले. "जाईल ती नागपूरले."

तुमची पणजी म्हणायची, कारकुनांच्या मनात वाईट नव्हतं. नसेल. दुसऱ्या संध्याकाळी मी ट्रंक भरत असताना त्यांनी नेहमीसारखं खांड पुढे केलं. मी घेतलं नाही. आजही घेणार नाही.