खुनी न सापडलेली कादंबरी

खुनाच्या आरोपातून माणूस एक वेळ सुटेल, पण आमच्या भालकीच्या वकीलसाहेबांच्या उलटतपासणीतून सुटणार नाही, हे मी पैजेवर सांगायला तयार असे. निजामी गेली, त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी वकिली सोडली आणि काळा कोट ट्रंकेत घातला, पण सवय काही ट्रंकेत मावली नाही. वांगी विकणारीला ते विचारत, "आज सकाळीच तोडली म्हणतेस, ते डोळ्यांनी पाहिलंस की ऐकीव सांगतेस?" बायकोने "डाळीत मीठ कमी पडलं का?" म्हटलं, की घास हातात तसाच धरून म्हणत, "उत्तर सुचवणारा प्रश्न विचारायचा नाही." बाई माझ्याकडे बघून कपाळाला हात लावीत. "मास्तर, मी संसार करायलेय का जबानी द्यायलेय, मलाच कळंना झालंय."

अशा माणसाने कादंबरी लिहायला घेतली, तीही खुनाची. सगळी वकिली उर्दूत गेलेली, मराठी लिहायचा हात नाही, म्हणून मराठी शाळेतला मास्तर म्हणून मला धरलं. ते येरझाऱ्या घालत सांगायचे, मी लिहायचो. प्रकरणाला ते कोर्टातल्या तारखेसारखं 'पेशी' म्हणत. त्यांचा नायक नायिकेपुढे प्रेमाचा रीतसर अर्ज ठेवी आणि ती पुढची तारीख मागून घेई. तेवढं मी सोसलं. पण पंचाईत निराळीच होती. ज्याच्यावर संशय घ्यावा, त्याची बाजू वकीलसाहेबांना पटायची आणि पेशी संपेपर्यंत तो पुराव्याअभावी सुटायचा. पाटील सुटला, पाटलाचा मेहुणा सुटला, मेलेल्याचा सख्खा भाऊही सुटला. बाराव्या पेशीला गावात संशय घ्यायला माणूस उरला नाही. पुण्याच्या प्रकाशकाने कळवलं, कादंबरी फार रंगली आहे, पण खुनी कोण? वकीलसाहेबांनी उलट टपाली लिहिलं, "ते पोलिसांचं काम. मी बचावाचा वकील आहे."

मी पोट धरून हसलो. ते हसले नाहीत, एक जुना खटला सांगू लागले. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की हा माणूस कादंबरी लिहीत नव्हता, एक हरलेला खटला पुन्हा चालवत होता. खटकचिंचोळीचा एक धनगराचा पोर, बावीस वर्षांचा. पाटलाचा राखणदार ज्वारीच्या रानात मेलेला सापडला आणि पोराला धरलं. त्या दिवशी तो तापाने फणफणत घरी पडला होता आणि हे पाहणारी एकटी आई होती. वकीलसाहेबांचा नियम होता, की आईला साक्षीला उभी करायची नाही. आई पोरासाठी खोटं बोलणारच असं कोर्ट धरून चालतं, आणि तिच्या रडण्याने बचाव लंगडा पडतो. ती बाई तिन्ही तारखांना कोर्टाबाहेर चिंचेखाली बसून राहिली, पुकारा होईल म्हणून. पुकारा झालाच नाही. वकीलसाहेबांनी दीड तास नामी उर्दूत भाषण केलं, बाररूमने वाहवा केली, आणि पोराला जन्मठेप झाली. वर्षभरात तो तुरुंगातच आजाराने गेला. पुढच्या महिन्यात कोट ट्रंकेत गेला.

तेराव्या पेशीत त्यांनी त्या पोराला आरोपी म्हणून उभं केलं आणि त्याच्या आईचा पुकारा केला. पान पुरं झालं तेव्हा त्यांनी खटकचिंचोळीला त्या आईकडे निरोप धाडला. बाई आली, आत या म्हटलं तरी उंबऱ्याशीच बसली. मी वाचायला लागलो. ताप कधी आला, कपाळावर पट्टी कुणी ठेवली, पोर पाणी मागत होता का, एकेक प्रश्न आणि एकेक उत्तर. बाई मधूनच मान हलवत होती. वाचून झालं.

"समदं खरं हाय," ती म्हणाली. "असंच हुतं. मग हे तवा कामून इचारलं न्हाई, वकीलसाब?"

मला तिथून उठून जावंसं वाटलं. वकीलसाहेब तिच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "चुकलं माझं, अक्का."

मग कागदाकडे बोट करून तिने विचारलं, "ह्याच्यात तर सुटला न्हवं?"

"व्हय. सुटला."

"मग घरला कवा येतो? ते लिवलं न्हाई की."

वकीलसाहेबांनी कोर्टाच्या बाहेरचं एक अक्षर कधी सांगितलं नव्हतं. त्या दुपारी तीच सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. पोर चालत गावात शिरला, कुत्र्याने ओळखलं, त्याने हातपाय धुतले आणि आईने गरम भाकरी वाढली. प्रकाशकाने ते पान काढायला सांगितलं. रहस्यकथेत त्याचं काम नाही, म्हणाला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. वकीलसाहेबांनी हट्टाने ते छापायला लावलं. आता ते नाहीत, ती बाईही नाही. मुलं आग्रह करतात म्हणून अधूनमधून वर्गात ती कादंबरी वाचतो. तेराव्या पेशीशी थांबतो आणि शेवटचं पान तुम्ही घरी वाचा म्हणतो. मला ते मोठ्याने वाचवत नाही.