शेवटचे आठ कॉलम

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. माझा धंदाच तसा – मशीन चुकत नाही, चुकतो तो माणूस, आणि नीट शोधलं की चूक सापडते. इथेही सापडली... आणि तिथूनच डोकं चालेनासं झालं.

मी सरावलीला राहतो, डहाणू रोड स्टेशनपासून जवळच. जुन्या मेनफ्रेम कॉम्प्युटरच्या टेपवरचा डेटा साध्या पीसीवर वाचता येईल असा करून देणं हे माझं काम. दोघांची अक्षरं साठवायची पद्धतच वेगळी, त्यामुळे फाइल थेट उघडली तर नुसता कचरा दिसतो. २०१७ साली एका निवृत्त प्राध्यापक बाईंनी अशीच एक फाइल दिली. तरुणपणी त्यांनी तलासरीकडच्या पाड्यांवर लग्नातली गाणी गोळा करून, तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे, इंग्रजी अक्षरांत पंच कार्डांवर, म्हणजे भोकं पाडून अक्षरं नोंदवायच्या कार्डांवर, चढवली होती; तीच पुढे टेपवर उतरवलेली. त्यांची अट एकच – ज्यांनी गाणी सांगितली त्या लाडकीबाईंच्या घरी एक प्रत पोचवायची.

लाडकीबाई धवलेरी, म्हणजे वारल्यांची लग्नं लावणाऱ्या बाई. धवलेरीनं गाणं म्हटल्याशिवाय लग्न लागत नाही. फोन केला तर कळलं, त्या वर्षापूर्वीच गेल्या. त्यांची मुलगी जानीताई म्हणाली, लवकर या. भाचीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि आईच्या मागे गाऊन शिकलेलं गाणं तिला मधेमधे आठवत नव्हतं. पुरं आलं नाही तर दुसऱ्या गावची धवलेरी बोलावणार होते. आईच्या घरातली पोर परक्या गाण्यानं सासरी जाणार, हे तिला सहन होत नव्हतं.

मी घाईघाईत फाइल बदलली, देवनागरीत प्रिंट काढली आणि दुपारी तिच्या घरी पोचलो. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचायचं आणि तिनं मागून म्हणायचं असं ठरलं. पण लांब ओळी शब्दाच्या मधेच तुटत होत्या. मी अडखळलो की कुडाच्या पलीकडून एका म्हातारीचा आवाज ओळ पुरी करी... हळू, जरासा वैतागलेला, पोराला शिकवावं तसा. घरातल्या कुणी आजी असतील असं समजून मी पेन्सिलीनं शब्द लिहून घेतले आणि ओळी पुऱ्या वाचून दाखवल्या. जानीताई माझ्या तोंडाकडे बघत राहायची.

निघताना म्हटलं, आतल्या आजींना सांगा, फार मदत झाली.

"आत कोण नाय, भाऊ."

आवाज कसा होता ते मी सांगितलं – खरखरीत, ओळ संपली की हलकंसं खाकरणं. जानीताईनं वळून कुडाकडे पाहिलं.

"माझी आय," ती म्हणाली. "वरीस झालं, रोज कान देऊन बसते मी. माझ्याशी नाय बोलली... नि तुझ्याशी बोलली?"

मला तिथे उभं राहवेना. तिचं काहीतरी मी उचलून नेतोय असं वाटलं.

घरी येऊन फाइल पुन्हा उघडली. पंच कार्डाला ऐंशी कॉलम असतात, एका कॉलमात एक अक्षर. शेवटचे आठ कार्डाच्या नंबरासाठी, म्हणून आमच्या धंद्यात ते सवयीनं कापून टाकतात. मीही टाकले होते. या फाइलीत मात्र नंबरच नव्हते. टाइप करणाऱ्यानं लांब ओळी थेट कडेपर्यंत नेल्या होत्या. कापलेली टोकं काढून पेन्सिलीच्या शब्दांशी ताडून पाहिली. 'उंब'च्या पुढे 'ऱ्याला' कुणीही सांगेल, मान्य. पण मी कधी न ऐकलेली झाडांची, देवांची नावं? एकूण एक जुळली. अंगावर काटा आला, आणि मग रडूच आलं.

लग्नाला मी गेलो. जानीताईनं गाणं पुरं म्हटलं. फक्त प्रत्येक ओळीनंतर एवढीशी थांबायची, कान देऊन. नंतर मांडवाच्या कडेला मला गाठून तिनं विचारलं, "आज आली व्हती?"

खोटं बोलवेना. नाही म्हणालो.

"मंग गेली ती." डोळ्यांना पदर लावून ती परत नवरीजवळ जाऊन बसली.

डॉक्टर मित्र म्हणतो, भास होता. मग भासाला कापलेली अक्षरं कशी ठाऊक? मी आठ कॉलम कापलेच नसते तर तो आवाज आला असता का, तोही मलाच का? जानीताई आता इतर पाड्यांवरही लग्नं लावते. परवा एका लग्नात ऐकलं तिला. ओळीनंतर ती आता थांबत नाही.