म्हातारीला झेपेल असा नांगर

फाळअप्पांच्या जिभेने पनवेल तालुक्यात जितकी माणसं घायाळ केली, तितकी हायवेवरच्या ट्रकांनीही केली नसतील. नांगराचा फाळ वरून साधा दिसतो आणि आत गेला की मुळासकट उलटून टाकतो, तशी ती जीभ, म्हणून फाळअप्पा. एकदा शेजाऱ्याच्या म्हशीकडे बघून त्यांनी नुसतं विचारलं, "तुमी हिला पोसता, का ही तुमाला पोसते?" ती म्हैस तीन दिवस आटली. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा.

मी तेव्हा कळंबोलीला ट्रक रंगवायचो. एका ट्रकच्या मागे जीव ओतून मोर काढला होता. अप्पांनी सायकल टेकवली, बराच वेळ मोर न्याहाळला आणि मालकाच्या देखत म्हणाले, "रंगाऱ्या, कोंबडीला कावीळ झाली की झाडपाला देतात. रंगवत नाय." मालकाने मोर पुसायला लावला. तरी रोज संध्याकाळी मी अप्पांच्या शेडवर चहाला हजर. शिव्यांची चटक लागते, काय सांगू!

शेडमध्ये म्हातारी असायची. म्हातारी म्हणजे अप्पांचा ट्रॅक्टर. चालू झाला की खांदा कॉलनीतल्या लोकांना वाटायचं, कुठेतरी सुरुंग लावलाय. अप्पांनी लग्न केलं नव्हतं. "धूर सोडणारं एक तोंड घरात पुरे," म्हणायचे. पण म्हातारी निम्मी त्यांची आणि निम्मी धाकट्या भावाची, नामाची. नामाला शेड पाडून तिथे ट्रकवाल्यांसाठी भाड्याच्या खोल्या बांधायच्या होत्या. तालुक्यातल्या ट्रॅक्टरवाल्यांनी दिवाळीनंतर नांगरणीची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा दोघा भावांची पैज लागली. म्हातारी पहिल्या तिघांत आली तर शेड जागेवर राहणार, नाही आली तर म्हातारी कळंबोलीच्या भंगारात. गावदेवीसमोर नारळावर हात ठेवून बोलणं झालं. म्हणजे आता त्यात बदल नाही.

मग अप्पा नांगर शोधत फिरू लागले. पोटच्या पोरीसाठी कुणी इतकी स्थळं बघितली नसतील. दुकानातला कोरा करकरीत तीनफाळी नांगर बघून म्हणाले, "हा जुंपला तर म्हातारी मागच्या पायांवर उभी राहून सलाम ठोकील." तव्यांचा नांगर दाखवला, तर दुकानदाराला म्हणाले, "भाकऱ्या भाज याच्यावर. तुझ्या बायकोला तेवढी मदत." खिशात सुतळी, म्हातारीच्या मागच्या चाकांमधलं अंतर गाठ मारून त्यावर घेतलेलं. मला समजावायचे, "उजवं चाक आधी पडलेल्या तासात, म्हंजे नांगराच्या चरात चालतं. नांगर रुंद झाला तर ट्रॅक्टरला एका अंगाला ओढतो. अरुंद झाला तर मधी पट्टा तसाच कोरा राहतो. माणसांचं पण तसंच असतं." माणसांचं कसं, ते कधी सांगितलं नाही.

शेवटी कळंबोलीच्या भंगारातच सापडला. हलका, जुना, दोनफाळी. सुतळी तंतोतंत बसली. भंगारवाल्याला अप्पा म्हणाले, "तुझ्यापेक्षा कमी गंजलाय, दे." माती उलटवणारे त्याचे दोन वाकडे पत्रे ते विटेच्या तुकड्याने आणि जळक्या ऑइलने महिनाभर घासत होते. असे चकाकले की अप्पा त्यात बघून दाढी करायचे. "भातखाचराची माती चिकट," ते म्हणाले. "नागड्या लोखंडावरनं घसरते. गंज असो, रंग असो, त्याला मात्र धरून बसते. या पत्र्यांना बोट लावायचं नाय, रंगाऱ्या." हे मी ऐकलं होतं. दोन्ही कानांनी.

स्पर्धेला आठ दिवस असताना माझ्या आईचं वर्षश्राद्ध होतं. मी स्वतःच्या हाताने तिचं चित्र काढून भिंतीवर लावलं होतं. अप्पा पंगतीत बसले, मान वर करून चित्राकडे बघितलं आणि वीस माणसांत म्हणाले, "तुझी आई वेळेवर गेली. हे बघायला राहिली असती तर जास्त हाल झाले असते." पंगत हसली. मी खीर वाढत होतो, ती वाढत राहिलो.

वर्षातलं पहिलं लोखंड जमिनीत घालण्याआधी अनवाणी गावदेवीला जाऊन नारळ फोडायची आमच्याकडची रीत. स्पर्धेच्या सकाळी अप्पा तिकडे गेले आणि नामा माझ्याकडे आला. "दादाचा नांगर रंगवून दे. पत्र्यांसकट. तो खूश होईल." नामा हसत होता. मीही हसलो. अप्पांची एकदा जिरवायचीच होती. ट्रकचा रंग उन्हात अर्ध्या तासात वाळतो. लालभडक मारला, कडेने पिवळी वेल, दोन्ही पत्र्यांवर एकेक गुलाब. खरं सांगतो, जन्मात इतका सुरेख हात चालला नव्हता.

कापलेल्या खाचरांत अकरा ट्रॅक्टर उभे होते, नामाने नांगर जोडून आणलेली म्हातारीही त्यांत. लोकांनी गुलाब बघून टाळ्या वाजवल्या. अप्पा आले, नांगर बघितला. बांधावरचा दगड उचलून पत्रा खरवडायला बसले. पाचव्या मिनिटाला शिट्टी झाली.

दहा पावलांत माती रंगाला धरून बसली. तीस पावलांत दोन्ही गुलाबांचे हे एवढाले गोळे झाले. नांगर माती उलटवायचं सोडून पुढे लोटत चालला, म्हातारी एका अंगाला ओढली जाऊ लागली, तास नागासारखा वाकडा. बांधावरून कुणीतरी ओरडलं, "अप्पा, नांगरताय का सारवताय?" मग काय! ज्याला ज्याला त्या जिभेने फाडलं होतं, त्याने त्या दिवशी हात धुऊन घेतले. "अप्पा, शेण आणू काय?" हे वाक्य माझं. प्रत्येक टोकाला अप्पा उतरायचे, नखांनी माती काढायचे, पुन्हा चढायचे. बोटं सोलली, पण वाटून दिलेला तुकडा त्यांनी शेवटच्या तासापर्यंत पुरा केला. अकरांत अकरावे आले.

चौथ्या दिवशी अप्पांनी स्वतः म्हातारी चालवत कळंबोलीला नेली. नांगर मागे तसाच जोडलेला. मी सायकलवरून पाठोपाठ गेलो. का गेलो, मला विचारू नका. गॅसकटरवाल्याने विचारलं, "चाचा, कहाँ से काटूँ?"

"पहिले सीट काट," अप्पा म्हणाले. "नायतर मला परत बसावंसं वाटेल."

सीट खाली पडली. मग अप्पांनी नांगराकडे नजर टाकली. पत्र्याच्या मागच्या बाजूला माझा लाल रंग शाबूत होता. त्यांनी त्यावरून सोललेला अंगठा फिरवला आणि माझ्याकडे वळले. मी मान खाली घालून तयार होतो. आता जे येईल ते घेणार होतो, सगळं.

"रंग चांगला बसलाय हो तुमचा," ते म्हणाले. "सुटता सुटत नाय."

आणि हायवेच्या दिशेने चालत गेले.

त्यानंतर सहा वर्षं जगले. मी घरी गेलो की उठून खुर्ची पुढे करायचे, "बसा" म्हणायचे, नामाच्या बायकोला चहा टाकायला सांगायचे. मरेपर्यंत मला एक वाकडा शब्द बोलले नाहीत.