शिमल्याची मेढ

आमच्या पुणतांब्यात शिमला करार सगळ्यात आधी अमलात आणला तो गोजरबाईने. भिंतीला भिंत लागून घर, नात्याने माझी वहिनी. तेव्हा मी सांगतो ते खरं धरा, तिखटमीठ तेवढं वजा करा.

तिचा मुलगा, श्रीमंत, फौजेत. एकाहत्तरची लढाई संपून सहा महिने झाले, तरी त्याची पलटण सिंधच्या वाळूत, जिंकलेल्या मुलखावर बसून. इकडे राहात्याच्या सहादेवरावांच्या पुष्पावतीशी साखरपुडा होऊन वर्ष उलटलेलं. सहादेवराव येऊन सुनावून गेले, "पोरगा येनार कदी? ज्येष्ठात उरकत नसंल तर आमी दुसरीकडं बघतो."

अन् जुलैत एका सकाळी माझा रेडिओ बोलला, करार झाला, फौजा माघारी फिरणार. वहिनी तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावत आली.

"येनार म्हनला?"

"म्हनतो तर तसंच."

आता आमच्याकडे पंचांनी बांधाचं भांडण मिटवलं की दुसऱ्या दिवशी ज्याचं औत त्याच्या वावरात. वहिनीने शिमल्यालाही तोच नियम लावला. अधिक महिन्यामुळे त्या साली ज्येष्ठ लांबलेला, त्यातला शेवटचा मुहूर्त तोंडावर. तिने दुपारीच मांडवाची मेढ रोवली. उंबराचा ओला सोट, त्याला हळदकुंकू. जागा पुरेना म्हणून मेढ हातभर माझ्या अंगणात शिरली. म्हटलं, असू दे, चार दिवसांचा तर प्रश्न.

पण श्रीमंत काही आला नाही. आणि एकदा रोवलेली मेढ लग्न लागेपर्यंत हलवत नाहीत. सहादेवरावही पेचात पडले. मेढ उभी असताना सोयरीक मोडायची कशी? "पन ती वाळली, तर आमचा सबूद संपला," एवढं बजावून गेले.

चातुर्मास लागला. दोन्हीकडचे फौजी साहेब नकाशे पसरून काश्मिरातल्या ताब्याच्या रेघेवरून घासाघीस करत राहिले; ती ठरेपर्यंत फौजा हलणार नव्हत्या. पावसाने त्या वर्षी तोंड फिरवलेलं, विहिरी तळाला गेलेल्या. आणि वहिनी भांडी विसळलेलं पाणी मेढीला घाली. संध्याकाळी ठरलेला सवाल, "भाऊजी, रेघ झाली का?"

"न्हाई. टाक मोडला म्हनं त्यांचा."

"चेष्टा सुचती तुमाला! एवढाली मानसं, अन् रेघ ओढता येईना. माझं लेकरू तिथं वाळू खातंय."

मग मीही मोरीचं पाणी मेढीकडे वळवलं. वर तिलाच म्हटलं, "माझ्या जागेत हाय, जगली पायजे."

दिवाळीनंतर मेढीला पालवी फुटली. सहादेवराव जातीने पाहायला आले. सालीला नख लावलं, हिरवी निघाली. चहा पिऊन राहात्याच्या वाटेला लागले.

डिसेंबरात नकाशांवर सह्या झाल्या, फौजा हटल्या. श्रीमंत स्टेशनात उतरला तो माणूस कमी अन् वाळू जास्त. माघात त्याच पानं फुटलेल्या मेढीला मांडव बांधून लग्न लागलं.

मांडव उतरला. मेढ उपटायला श्रीमंत अन् मी भिडलो. हलायचं नाव नाही. मुळं धरलेली.

"वहिनी, फौजासुदीक माघारी गेल्या. तुमीबी माझा मुलूख सोडा."

"उंबराला कुऱ्हाड लावता? लावा की."

देवाच्या झाडाला कोण हात लावतो!

"बरं, करार करू," वहिनी हसून म्हणाली. "झाड माझं, सावली तुमची."

तेवढ्यात नवी सून चहा घेऊन आली. पानं मोजून नऊ, सावली बशीएवढी. मी खाट तिथेच ओढली.