चारातलं एक

“चारातलं एक खराब, असं तुम्हीच सांगितलेलं ना मॅडम? ते एक झालं. आता कशाला ती सुई?”

मालतीमावशी पर्स मांडीवर घट्ट धरून माझ्या टेबलासमोर बसल्या होत्या. एका बाजूला मुलगा प्रमोद, दुसऱ्या बाजूला सून शुभांगी, तिसरा महिना लागलेली. पलीकडच्या वॉर्डात शुभांगीची पहिली मुलगी स्वरा रक्ताची पिशवी लावून झोपली होती. स्वराला थॅलेसेमिया मेजर आहे. तिच्या अंगात पुरेसं रक्त बनत नाही, म्हणून दर काही आठवड्यांनी तिला विठ्ठलवाडीहून आमच्या कळव्याच्या सेंटरवर आणून रक्त चढवावं लागतं.

मी इथली कौन्सेलर. आजार आईबापाकडून मुलात कसा उतरतो ते समजावणं हे माझं काम. वर्षानुवर्षं तेच सांगते आहे. कधी कधी वाटतं, एकदा रेकॉर्ड करून ठेवावं आणि आपण घरी जाऊन झोपावं.

“मावशी, हे दोघंही थॅलेसेमिया मायनर आहेत.”

“मायनर म्हणजे किरकोळच ना?”

“त्यांच्यापुरतं किरकोळ.”

रक्त कसं बनवायचं याची सूचना आपल्याकडे दोन प्रतींत असते. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक प्रत खराब असली तरी दुसरीवर निभावतं. तो मायनर. प्रमोद डोंबिवलीला एमआयडीसीत शिफ्ट करतो, कबड्डी खेळतो. स्वराचं निदान होईपर्यंत त्याला पत्ताही नव्हता. मुलाला मात्र दोघांकडून एकेकच प्रत मिळते, आणि कुठली मिळेल ते कुणाच्या हातात नसतं. म्हणून तर सख्खी भावंडंही एकसारखी निघत नाहीत. दोघांकडूनही खराब प्रत आली तर मेजर. ही शक्यता चारात एक.

गाडं इथेच अडतं. ‘चारात एक’ ऐकलं की लोक मुलं मोजायला लागतात.

डॉक्टरांनी दारातून डोकं आत घातलं. “अजून चालूच आहे? बाहेर गर्दी झालीये.”

“झालंच सर.”

काही झालं नव्हतं. सुईनं वारेचा बारीक तुकडा काढून बाळाची तपासणी करायची होती आणि ती आत्ताच करायला हवी होती. उशीर झाला की पुढचा निर्णय घ्यायला वेळच उरत नाही.

“मावशी, गणपतीत हौजी खेळता?”

“म्हणजे काय! गेल्या वर्षी फुल हाउस मलाच लागलेलं.”

“एकदा निघालेला नंबर परत निघतो?”

“कसा निघेल? तो बाहेर काढून ठेवतात.”

“इथे नाही ठेवत. दर खेपेला सगळे नंबर परत पिशवीत जातात. स्वराच्या वेळी काय निघालं, ते पिशवीला माहीत नसतं.”

मावशींनी विचार केला. “अशी हौजी कुणी खेळत नाही,” त्या म्हणाल्या.

मी कपाळाला हात लावला.

प्रमोदनं हळूच विचारलं, “रिपोर्ट खराब आला तर?”

“तर काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. मी फक्त माहिती देईन.” हे वाक्य मला सारखं म्हणावं लागतं आणि दर वेळी माझाच मला राग येतो.

तो वॉर्डाच्या दाराकडे बघत राहिला. शुभांगी नुसती मान खाली घालून होती. “करून टाकू, आई,” तो म्हणाला.

तपासणी झाली. रिपोर्ट येईपर्यंत माझाही जीव टांगणीला लागला होता. इतक्या वर्षांनी असं होऊ नये, पण होतं. बाळ मायनर निघालं, आईबापासारखंच. मी सांगितल्यावर प्रमोद ओक्साबोक्शी रडला. माझेही डोळे भरून आले.

मावशींनी टेबलावर हात आपटला. “बघा! मी म्हटलेलं! आता अजून दोन चांगली बाकी.”

मी वाद घातला नाही. आनंद झाला होता आणि दमलेही होते.

त्या दिवशीही स्वराला रक्त चढवायचं होतं; मावशी आणि प्रमोद तिला आणायला वॉर्डात गेले. शुभांगी मागे थांबली. आजवर माझ्यासमोर ती धड एक वाक्य बोलली नव्हती.

“मॅडम, डिलिव्हरीच्या वेळीच मूल बंद व्हायचं ऑपरेशन करून घेता येतं ना?”

“येतं. का गं?”

“आईंना अजून दोन हवीत. मला पुन्हा या खुर्चीत बसून रिपोर्टची वाट नाही बघायची.”

तेव्हापासून सासूबाई कितीही वाद घालोत, बोलताना मी सुनेकडे बघते.